विश्लेषण : घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारताना पहिला खर्च माईकवर का करू नये?

ऑडिओबुक, पॉडकास्ट, डबिंग, गाण्यांची कव्हर्स... आवाजाच्या कामासाठी आता स्टुडिओतच जावे लागते असे नाही. मात्र परदेशी यूट्यूबरची यादी पाहून आणलेले ४०-५० हजारांचे साहित्य आपल्याकडच्या सिमेंट-काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये अनेकदा निराशा करते. असे का होते आणि पैसे नेमके कुठे घालावेत?

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनच्या 'स्टोरीटेल'ने भारतात पाऊल ठेवले, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीसोबत मराठी पुस्तकेही त्यांच्या यादीत होती. पुढे २०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद झाले आणि अनेक व्हॉइस आर्टिस्टनी कपाटात, पांघरुणाखाली बसून काम निभावले. तेव्हाची अडचण आता सवय झाली आहे. नवख्या कलाकाराकडे आज नमुना मागताना 'घरून रेकॉर्ड करून पाठवा' असे सर्रास सांगितले जाते. त्यामुळे नोकरी सांभाळून हे काम करू पाहणारे, गाणे शिकणारे, घरून उत्पन्नाचा मार्ग शोधणारे असे अनेक जण बचतीतून किंवा हप्त्यावर साहित्य घेतात. नमुना पाठवतात आणि 'रूम नॉइज जास्त आहे' किंवा 'आवाज घुमतोय' असा शेरा मारून फाइल परत येते. मग पहिली शंका माईकवर जाते. आणखी महाग माईक घेतला जातो आणि शेरा मात्र तोच राहतो.

बिली आयलिशला जमले, मग आपल्याला का नाही?

घरगुती स्टुडिओची चर्चा निघाली की हे उदाहरण हमखास दिले जाते. अमेरिकी गायिका बिली आयलिशचा २०१९ मधील पहिला अल्बम तिचा भाऊ फिनियस याच्या बेडरूममध्ये, लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागातील साध्या घरात तयार झाला. २०२० च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. उदाहरण खरे आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष घाईचा आहे.

अमेरिकेतील बहुतांश घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून बनवलेल्या असतात. अशी भिंत किंचित थरथरते, खालच्या पट्टीतला बराचसा आवाज तिच्यातून पलीकडे निघून जातो. बेडरूममध्ये बऱ्याचदा गालिचा असतो, जाडजूड गादीचा पलंग असतो, कपड्यांसाठी भिंतीतच खोल कोनाडा असतो. आपल्याकडे आरसीसीचा सांगाडा, प्लास्टर केलेली विटांची भिंत, डोक्यावर स्लॅब, पायाखाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी. आवाज कुठेही शोषला जात नाही, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहतो. तिकडच्या घरात उत्तम चालणारा संवेदनशील कंडेन्सर माईक इकडे आणला, की तो ही सगळी आपटाआपटी इमानेइतबारे टिपतो. यादी चुकीची नसते, ती दुसऱ्या घरासाठी असते.

खोली 'शांत' म्हणजे नेमकी किती शांत?

ऑडिओबुकच्या क्षेत्रात ॲमेझॉनच्या 'ऑडिबल'शी जोडलेल्या 'एसीएक्स'चे निकष प्रमाण म्हणून पाहिले जातात. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये असावी, सर्वोच्च टोक उणे ३ च्या वर जाऊ नये आणि कुणी बोलत नसतानाचा पार्श्वध्वनी उणे ६० डेसिबलपेक्षा जास्त नसावा. आकडे किचकट वाटले तरी अर्थ सोपा आहे. बोलण्याची सरासरी पातळी उणे २० धरली, तर बोलणे आणि शांतता यांच्यात किमान ४० डेसिबलचे अंतर हवे.

आता हे आपल्या खोलीत मोजून पाहू. साधे बोलणे एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल इतके ऐकू येते. अंतर निम्मे केले की पातळी जवळपास ६ डेसिबलने वाढते. म्हणजे माईक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर, अंदाजे एक वीत अंतरावर असेल, तर त्याच्यापर्यंत साधारण ७६ डेसिबल पोहोचतात. त्यातून ४० वजा केले की उरतात ३६. खोलीतला एकूण गोंगाट या आकड्याच्या खाली हवा. आवाज 'साफ' करण्याचे सॉफ्टवेअर वापरण्याआधीचे हे गणित आहे.

केंद्र सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. ती घराबाहेरची, आणि कितपत पाळली जाते हे रस्त्याकडेला राहणाऱ्यांना सांगायला नको. घरातला पंखा फुल स्पीडवर असेल, तर तोच खोलीला ४५-५५ डेसिबलपर्यंत नेतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर, सोसायटीच्या पाण्याचा पंप, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या वेगळ्याच. या क्षेत्रातली अनेक मंडळी मध्यरात्रीनंतर, पंखा बंद करून, घाम पुसत काम करतात ते त्यामुळेच.

खरेदीआधी एक चाचणी हातातल्या फोनवर करता येते. खिडक्या-दारे लावून, पंखा बंद ठेवून, रेकॉर्डर सुरू करावा. आधी अर्धा मिनिट काहीच बोलू नये. मग नेहमीच्या आवाजात एक परिच्छेद वाचावा आणि शेवटी एक जोरदार टाळी वाजवावी. हे हेडफोन लावून ऐकावे. फोन स्वतःहून आवाज कमी-जास्त करतो, त्यामुळे आकड्यांवर भरवसा नको. पण शांततेत काय काय ऐकू येते आणि टाळीमागे 'टणण' अशी शेपटी राहते का, एवढे नक्की कळते. हीच चाचणी सकाळी, दुपारी आणि रात्री केली, तर कामाची वेळ कोणती ठेवावी तेही ठरते.

'दहा बाय दहा'ची खोली सर्वांत अडचणीची का?

मुंबई-पुण्यात दहा बाय दहाची खोली वेगळी मिळणे ही चैनच. पण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हा आकार त्रासदायक आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाच्या ठरावीक लहरी अडकतात आणि फुगतात. दहा फुटांच्या म्हणजे साधारण ३.०५ मीटरच्या अंतरात अशी पहिली लहर ५६ हर्ट्झच्या आसपास येते, पुढच्या तिच्या पटीत, ११३ आणि १६९ हर्ट्झला. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर बोलताना साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये फिरतो. म्हणजे दोन लहरी थेट आवाजाच्या वाटेत उभ्या. लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्हीकडच्या लहरी एकाच जागी एकमेकींत मिसळतात, आणि जुन्या इमारतीत उंचीही दहा फूट असेल तर तिसरीही येऊन मिळते. काही शब्द उगाच गडगडतात, काही पोकळ वाटतात. आयताकृती खोली मिळत असेल तर ती घ्यावी. नसेल तर निदान खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा कोपऱ्यात बसू नये.

यावर उपाय म्हणून भिंतीला फोमचे पिरॅमिड चिकटवण्याची टूम आहे. रील्समध्ये मागे निळे-जांभळे दिवे लावले की ते छान दिसतात. पण इंच-दोन इंचांचा फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. खालची गडगड तशीच राहते आणि एकूण आवाज कोंदट होतो. अंड्यांच्या ट्रेची तर बातच सोडा, ते अंड्यांसाठीच बरे. थर्माकोल ध्वनी शोषण्याच्या बाबतीत जवळपास निरुपयोगी आणि आगीच्या दृष्टीने घातक आहे.

आगीचा मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' या नाइट क्लबमध्ये रंगमंचावरील आतषबाजीने भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि १०० जणांचा बळी गेला. घरात आतषबाजी नसते, पण एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर आणि वायरींचा गुंता असतोच. स्वस्त फोम त्याच्याजवळ लावणे म्हणजे आपणहून जोखीम घेणे.

मग काय लावावे? घरात कापसाची जुनी गादी असेल, तर तिच्याइतकी कामाची वस्तू बाजारात सहज मिळणार नाही. पिंजून भरलेला चार-पाच इंचांचा कापूस मधला आणि वरचा आवाज उत्तम शोषतो. गादी भिंतीला टेकवून न ठेवता चार बोटे पुढे उभी केली, तर ती आणखी खालच्या पट्टीपर्यंत काम करते. दोन-तीन घड्यांच्या गोधड्या, जमिनीवर जाड सतरंजी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, पुस्तकांचे रॅक हे सगळे उपयोगी. कायमस्वरूपी काही करायचे असल्यास रॉकवूलचे पॅनल करून घ्यावेत. ४८ ते ६४ किलो प्रति घनमीटर घनतेचे, चार इंच जाडीचे स्लॅब लाकडी चौकटीत बसवून, वरून हवा जाईल असे सुती कापड ताणून सुतार ते सहज बनवून देतो. रॉकवूल पेटत नाही. मात्र कापताना त्याचे तंतू उडतात, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि ते उघडे ठेवू नये.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. वरचे सारे उपाय खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि हवाबंदपणा लागतो. भिंत नऊ इंचांची असली तरी दाराखाली बोटभर फट असेल, तर आवाज तिथूनच येणार. म्हणून दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि खाली ब्रश किंवा रबर सील लावणे हा काही शेकडा रुपयांचा खर्च आधी करावा. स्लायडिंग खिडकी मात्र मूळचीच गळकी. तिला जाड पडद्याने फार फरक पडत नाही, दुहेरी काचेची खिडकी बसवायची तर खर्च आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही लागतात. भाड्याच्या घरात हा विचार न केलेलाच बरा.

मग माईक कोणता घ्यावा?

माईक दोन प्रमुख प्रकारचे. डायनॅमिक माईक कमी संवेदनशील, दणकट आणि वेगळ्या वीजपुरवठ्याशिवाय चालणारा. सभेत, कीर्तनात, ऑर्केस्ट्रात दिसतो तो. शूर कंपनीचा १९६६ मध्ये आलेला 'एसएम५८' हा त्यातला सर्वांत परिचित चेहरा. कंडेन्सर माईक अधिक नाजूक, अधिक तपशील टिपणारा आणि त्याला ४८ व्होल्टची 'फँटम पॉवर' लागते.

'डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज घेत नाही' असे दुकानदारही सांगतात. ते अर्धेच खरे आहे. माईक किती गोंगाट घेणार हे त्याच्या प्रकारापेक्षा तो कोणत्या दिशेने ऐकतो आणि तोंडापासून किती दूर आहे यावर ठरते. डायनॅमिक माईक तोंडाजवळच धरावा लागतो, म्हणून तो शांत वाटतो. कंडेन्सर दीड फुटावर ठेवला की खोली ऐकू येणारच. तोच एक वीत अंतरावर आणला की तक्रार बरीच कमी होते.

आता महाग माईकचे गणित पाहा. प्रत्येक कंडेन्सरला स्वतःचा सूक्ष्म 'सुस्' असतो. रोडच्या 'एनटी१' या साधारण २० हजारांच्या पुढच्या माईकमध्ये तो ४-५ डेसिबल इतका कमी आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या 'एटी२०२०' या साधारण दहा हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या माईकमध्ये तो २०. कागदावर फरक प्रचंड आहे. पण खोलीचाच गोंगाट ३५ असेल, तर त्याखाली ४ काय आणि २० काय, दोन्ही बुडालेलेच. जास्तीचे दहा हजार खर्चून ज्या शांततेची किंमत मोजली, ती त्या खोलीत मिळतच नाही.

पॉडकास्टच्या प्रत्येक व्हिडीओत दिसणारा शूरचा 'एसएम७बी' ही दुसरी भुरळ. त्याचा पूर्वज 'एसएम७' मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बमच्या ध्वनिमुद्रणात वापरला गेला होता, त्यामुळे त्याला वलयही आहे. माईक उत्तमच आहे. पण तो अत्यंत क्षीण सिग्नल देतो. कंपनीच्या सांगण्यानुसार त्याला किमान ६० डेसिबलचा स्वच्छ गेन हवा, आणि सुरुवातीच्या किमतीचे अनेक इंटरफेस ५०-५६ च्या आसपासच थांबतात. मग गेन पूर्ण वाढवायचा, 'सुस्' ऐकू येऊ लागते, ते घालवायला आणखी काही हजारांचा बूस्टर घ्यायचा. ३५ हजारांच्या पुढचा माईक घेऊन पुन्हा बाजारात जाण्याची वेळ येते ती अशी. ज्यांच्याकडे पंखा बंद करणे शक्य नाही, रस्ता खिडकीखालीच आहे, त्यांनी साधा 'एसएम५८' किंवा त्याच वर्गातला डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरावा. तुलनेने शांत, गाद्या-गोधड्या लावलेल्या खोलीत एटी२०२०च्या वर्गातला कंडेन्सर पुरेसा. हार्मोनियम, सतार, तंबोरा यांसाठीही कंडेन्सरच बरा, कारण जव्हारीचे बारीक झंकार डायनॅमिकमध्ये बोथट होतात. तबल्याचे रेकॉर्डिंग मात्र लहान खोलीत कठीण जाते. बायाँचा घुमारा आणि खोलीचा घुमारा एकमेकांत मिसळतो.

माईक ठेवावा कसा? बहुतेक माईक समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकतात. म्हणून गोंगाटाची खिडकी माईकच्या पाठीमागे यावी, अर्थात वाचणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसावे. वाचणाऱ्याच्या पाठीशी गादी किंवा कपड्यांचे कपाट हवे, नाहीतर मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माईकच्या तोंडात शिरतो. पॉप फिल्टरला पर्याय नाही. मराठीत प, ब यांच्या जोडीला फ, भ आणि इतर महाप्राण व्यंजने आहेत. 'भाऊ', 'फळ', 'पंढरपूर' म्हणताना सुटणारा हवेचा झोत माईकवर 'धप्प' असा आदळतो. माईक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवल्यानेही हे बरेच टळते.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात कंडेन्सरचा पातळ पडदा दमट हवेने कुरकुरू लागतो. काम झाले की माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आणि नामांकित डायनॅमिक माईकच्या बनावट प्रती जगभर विकल्या जातात, हेही ध्यानात असावे. किंमत अविश्वसनीय कमी असेल तर ती विश्वास ठेवण्याजोगी नसतेच. पक्के बिल आणि वॉरंटी देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

यूएसबी माईक घ्यावा की इंटरफेससह एक्सएलआर?

यूएसबी माईक थेट लॅपटॉपला जोडता येतो. एकट्याने बोलायचे असेल, पुढे वाढवायचे नसेल, तर त्यात कमीपणा काही नाही. पण दुसरा माणूस, दुसरे वाद्य आले की अडचण होते, आणि आतला एक भाग बिघडला की सगळाच माईक बाद होतो. एक्सएलआर माईक आणि वेगळा ऑडिओ इंटरफेस घेतला तर भाग सुटे बदलता येतात. म्हणून उत्पन्नासाठी काम करणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा.

इंटरफेस माईकचा क्षीण सिग्नल वाढवतो आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करतो. दोन माईकच्या जागा, फँटम पॉवर, हेडफोनची वेगळी कळ आणि पुरेसा गेन एवढे पाहावे. '१९२ किलोहर्ट्झ' अशा जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही. २४ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ हे घरगुती कामाला पुरून उरते. २४ बिटचा खरा फायदा असा, की पातळी थोडी कमी ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करता येते. सर्वोच्च टोक उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहिले की झाले. आवाज एकदा फाटला, तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

घरातला ब्लूटूथ हेडफोन का चालत नाही?

ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोहोचायला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. तबल्याच्या ठेक्यावर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इतक्या उशिरा ऐकू आला, तर लय सुटणारच. वायरचा, कान पूर्ण झाकणारा 'क्लोज्ड-बॅक' हेडफोन घ्यावा. त्यातून आवाज बाहेर फुटून माईकमध्ये शिरत नाही. लॅपटॉपमुळे होणारा विलंब इंटरफेसच्या 'डायरेक्ट मॉनिटर' कळीने टाळता येतो. टेबलावरच्या स्टुडिओ स्पीकरची जोडी पहिल्या वर्षी घेऊच नये. न सुधारलेल्या खोलीत तेही खोलीच ऐकवतात.

रेकॉर्डिंगमध्ये 'घूं' असा आवाज कुठून येतो?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग सदोष असेल तर ५० आणि तिच्या पटीतला, १०० हर्ट्झचा गुणगुणाट रेकॉर्डिंगमध्ये शिरतो. जुन्या चाळींत, वाड्यांत अर्थिंग नावापुरतेच असते. तिथे लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की हलकी झिणझिण जाणवते. चार्जर काढून फक्त बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहावे. घूं गेली, तर दोष विजेचा आहे. यावर तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा 'जुगाड' अनेकदा सुचवला जातो. तो जिवावर बेतू शकतो. शे-पाचशे रुपयांत इलेक्ट्रिशियन बोर्डाचे अर्थिंग तपासून देतो, तेवढे करावे. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे यांच्याजवळून माईकची वायर नेऊ नये.

५० हजार रुपये असतील तर ते कसे वापरावेत?

लॅपटॉप आधीच आहे असे धरले आहे. पहिले १२-१५ हजार खोलीसाठी बाजूला काढावेत: दाराचे सील, चार ते सहा रॉकवूल पॅनल, सतरंजी. घरातली गादी वापरता आली तर यातले निम्मे वाचतात. माईकला दहा हजारांच्या आसपास. दोन इनपुटच्या इंटरफेसला १२ ते १६ हजार. हेडफोनला चार-पाच हजार. उरलेल्यात स्टँड, पॉप फिल्टर आणि बऱ्यापैकी एक्सएलआर वायर. हे दर अंदाजे आहेत, दुकान आणि ऑफरप्रमाणे बदलतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे वायर, स्टँड, कनेक्टर स्वस्त पडतात. माईक आणि इंटरफेस मात्र वॉरंटीसहच.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च नको. 'ऑडॅसिटी' मोफत आहे आणि ऑडिओबुकच्या कामाला पुरेसे आहे. गाण्यासाठी 'रीपर' ६० दिवस वापरून पाहता येते, नंतर त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरना मिळतो. एआयने आवाज साफ करणाऱ्या साधनांबद्दल उत्सुकता आहे. साध्या बोलण्यात ती थक्क करतात. पण घुमारा फार असेल तर शब्दांच्या कडा झिजतात, आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटू लागतो. गाणे आणि वाद्ये त्यात विद्रूप होतात. घेणारी संस्था अशी फाइल स्वीकारते का, हे आधीच विचारून घ्यावे.

या सगळ्याआधी एक हिशेब मात्र करायलाच हवा. समजा, जवळचा स्टुडिओ तासाला ६०० रुपये घेतो. ५० हजारांत तिथे ८० हून अधिक तास मिळतात, तेही तयार खोली आणि जाणकार रेकॉर्डिस्टसह. महिन्याला दोन-तीन तासांचेच काम असेल, तर ही रक्कम दोन वर्षांहून अधिक पुरते. वर्षाला दोन गाणी करणाऱ्याने स्टुडिओच गाठावा. तासन् तास वाचन करणाऱ्याला, रात्री-अपरात्री दुरुस्त्या पाठवाव्या लागणाऱ्याला घरची खोली परवडते, कारण एका तासाच्या तयार ऑडिओबुकसाठी वाचन, चुका आणि संपादन धरून अनेक तास बसावे लागते.

सेकंडहँड साहित्यात बचत होते. डायनॅमिक माईक जुना घ्यायला हरकत नाही, त्यात बिघडण्यासारखे थोडेच असते. पावसाळे पाहिलेला कंडेन्सर शक्यतो टाळावा. जुना इंटरफेस घेताना तो आपल्या लॅपटॉपवर, आपल्या विंडोजच्या आवृत्तीवर चालतो का, ड्रायव्हर अजून मिळतो का, फँटम पॉवर सुरू होते का आणि गेनची कळ फिरवताना खरखर येते का, हे पैसे देण्याआधी समोर बसून पाहावे. विकणारा 'घरी नेऊन लावा, चालेलच' म्हणत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.